मुक्ताईनगरचें क्षेत्र आणि संगणकाची पाटी

जळगांव जिल्ह्याच्या पूर्व कडेस, वऱ्हाडच्या सीमेला लागून, मुक्ताईनगर हें तालुक्याचें गांव आहे. जुन्या माणसांच्या तोंडीं त्याचें एदलाबाद हेंच नांव बसलेलें आहे. आगगाडीनें येणाऱ्या प्रवाशानें भुसावळ येथें उतरून पुढील तीस-पस्तीस किलोमीटरांची वाट एस्. टी.नें काटावी, हें सोईचें. ही वाट कंटाळवाणी मुळींच नाहीं. भुसावळ मागें पडलें कीं दीपनगरच्या वीजकेंद्राचीं उंच धुराडीं दिसूं लागतात. पुढें वरणगांव लागतें. आणि मग काळ्याभोर जमिनींत केळीच्या बागा व कपाशीचीं शेतें आळीपाळीनें सोबत करूं लागतात.

ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई शके १२१९ मध्यें, म्हणजे इ. स. १२९७ मध्यें, याच परिसरांत तापीच्या तीरीं विजेच्या लोळांत अंतर्धान पावली, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. कोथळी येथें तिचें जुनें देऊळ आहे. आणि आषाढी एकादशीस पंढरपूर गांठण्यासाठीं येथून निघणारी पालखी सुमारें महिनाभर वाट चालते. जवळच चांगदेव नांवाच्या गांवीं तापी व पूर्णा यांचा संगम असून तेथें चांगदेवाचें प्राचीन दगडी देऊळ आहे. खालच्या अंगास हतनूरचें धरण झाल्यापासून तेथील जळाचा विस्तार पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मावत नाहीं.

चांगदेवाची कथा वाचकांस ठाऊक आहेच. ज्ञानेश्वर वयानें लहान, ज्ञानानें थोर. तेव्हां त्यांस आशीर्वाद लिहावा कीं नमस्कार, हें न उमजल्यानें त्यानें कोराच कागद धाडला. चौदाशें वर्षें जगूनहि हा कोराच राहिला, असें मुक्ताबाई म्हणाली, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. पुढें त्याच चांगदेवानें तिलाच गुरु केलें. योग्यता वयावरून वा बाह्य आकारावरून ठरत नाहीं, एवढें तात्पर्य मनांत घोळवीत आम्ही क्षेत्रदर्शन आटोपून पुतण्याच्या घरीं परतलों, तों तेथें दुसऱ्याच एका कोऱ्या पटाची चिंता चालली होती.

पुतण्या शाळेंत शिक्षक आहे. त्याची पत्नी, आमची सूनबाई, घरीं बसून चार-पांच केळी-व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवते व त्यांचीं जी.एस.टी.चीं विवरणपत्रें भरते. घरांतील दोन मुलांच्या शिक्षणास या मिळकतीचा मोठाच आधार आहे. संगणक दहा-अकरा वर्षांचा. हिशेबाचे तक्ते आणि सरकारी संकेतस्थळ एका वेळीं उघडलें कीं तो मिनिटेंच्या मिनिटें थिजून बसे. विवरणपत्राची मुदत २० तारखेची, आणि आम्ही पोहोंचलों त्या दिवशीं तारीख १७ होती. नवा संगणक घ्यावयाचा तर तीस-चाळीस हजार रुपये हवेत. म्हणून पुतण्यानें कामानिमित्त एका मोठ्या शहरीं गेला असतां तेथील एका दुकानांतून जुन्या मालांतील रॅमची एक पट्टी स्वस्तांत आणली होती. ती बसविली मात्र, पडदा काळा तो काळाच!

“काका, दुकानदार म्हणाला, रॅम म्हणजे रॅम, कोणतीहि बसते,” पुतण्या खजील होऊन म्हणाला.

“बसली खरी,” सूनबाई हंसून म्हणाली, “पण नांदली नाहीं!”

या एका वाक्यांत सगळें शास्त्र आलें आहे. तें नंतर तिनेंच आम्हांस उलगडून सांगितलें, आणि गृहस्थाश्रमी वाचकांस उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

संगणकांत दोन प्रकारची साठवण असते. एक वही, दुसरी पाटी. वही म्हणजे डिस्क. तिच्यावर लिहिलेलें वीज गेली तरी राहतें. पाटी म्हणजे रॅम. चालू काम तिच्यावर मांडलेलें असतें, आणि दीपनगरकडची वीज क्षणभर खंडित झाली कीं ती पुसून कोरी होते. पाटी लहान असली म्हणजे यंत्रास निम्मा मजकूर वहींत उतरवून ठेवावा लागतो व लागेल तेव्हां पानें चाळून परत आणावा लागतो. आपणांस जो खोळंबा भासतो तो याचाच. मोठी पाटी दिल्यानें हा खोळंबा टळतो. गणित करणाऱ्याची बुद्धि मात्र वाढत नाहीं. म्हणून विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यावर, नुसती रॅम वाढवून जुनें यंत्र विंडोज ११ ला पात्र होईल, अशी आशा कोणी करूं नये. ती पात्रता प्रोसेसर आदि अन्य गोष्टींवर अवलंबून आहे.

आतां ही पाटी कोणती घ्यावी, हें ठरविण्याचा अधिकार दुकानदाराचा नव्हे, मदरबोर्डाचा. मदरबोर्ड म्हणजे सर्व अवयव ज्यावर जोडलेले असतात तो मूळ फलक. त्याचें नांव त्याच्याच अंगावर ठळक अक्षरांत छापलेलें असतें. पेटी उघडावयाची नसल्यास विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या पानावर बहुधा मिळतें. सूनबाईनें जुनी पट्टी परत लावून यंत्र सुरू केलें, हें नांव वाचलें आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावरील माहितीपत्रक काढलें. फलक एच-८१ या चिपसेटाचा निघाला, म्हणजे डी.डी.आर.-३ पिढीची रॅम, दोन खोबणी, प्रत्येकींत अधिकांत अधिक ८ जी.बी., आणि वेग फार तर १६००.

पिढी ही पहिली कसोटी. डी.डी.आर.-३ च्या पट्टीस २४० पिना असतात, डी.डी.आर.-४ व डी.डी.आर.-५ या दोहोंस २८८. परंतु या दोहोंच्या खालच्या कडेची खांच निरनिराळ्या जागीं असल्यानें एक दुसरीच्या खोबणींत जात नाहीं, आणि जोर केल्यास फलक मात्र फुटतो. विजेचा दाबहि निराळा: तिसऱ्या पिढीस १.५ व्होल्ट, चौथीस १.२, पांचवीस १.१. नव्या यंत्रांतहि हाच विवेक लागतो. ए.एम.-४ जातीच्या फलकांस चौथी पिढी, ए.एम.-५ जातीच्यांस पांचवी. आणि इंटेलच्या एल.जी.ए. १७०० जातींत तर कांहीं फलक चौथीचे व कांहीं पांचवीचे आहेत. तेथें प्रोसेसराचें नांव पुरत नाहीं, फलकाचेंच पाहिजे.

दुसरी कसोटी जातीची. मांडीवरच्या संगणकाची पट्टी आंखूड असते, ती नजरेनेंच ओळखूं येते. फसवणूक होते ती सर्व्हरच्या पट्टीनें. डी.डी.आर.-३ पिढींत तिची लांबी, पिना, खांच, सारें घरगुती पट्टीसारखेंच. पण तिच्यावर रजिस्टर नांवाची एक मध्यस्थ चिप असते आणि घरगुती फलकास त्या मध्यस्थाची भाषा कळत नाहीं. कार्यालयांतून काढलेल्या सर्व्हरांच्या अशा पट्ट्या जुन्या बाजारांत स्वस्त मिळतात. पुतण्याची पट्टी याच कुळांतली होती. तिच्या चिठ्ठीवर ‘पीसी३-१२८००आर’ असें लिहिलेलें होतें. घरगुती पट्टीच्या शेवटीं ‘आर’च्या जागीं ‘यू’ पाहिजे. एका अक्षरानें अर्थाचा अनर्थ होतो हें व्याकरण शिकलेल्यांस नवें नाहीं. त्याच चिठ्ठीवरील १२८०० ही संख्या म्हणजे वेगाचे १६०० गुणिलें ८, हेंहि मुलांकडून करवून घेण्याजोगें उदाहरण आहे.

तिसरी गोष्ट मापाची. फलकाची मर्यादा १६ जी.बी. असतां ३२ घेणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें. वेगाचेंहि तसेंच: अधिक वेगाची पट्टी फलकाच्या वेगानेंच चालते, आणि दोन असमान पट्ट्या एकत्र आल्या तर दोघींस संथ असेल तिच्या चालीनें चालावें लागतें. नव्या फलकांवर, वेष्टनावर छापलेला अधिक वेग मिळविण्यासाठीं बायॉसमध्यें एक्स.एम.पी. किंवा एक्स्पो ही सोय चालू करावी लागते. ती केल्याविना पट्टी साध्या वेगानेंच चालते. शेवटीं जोडी. समान मापाच्या दोन पट्ट्या असल्या कीं फलक दोन मार्गांनीं एकदम देवघेव करतो. चार खोबणी असल्यास त्या बहुधा दुसऱ्या व चौथ्या खोबणींत लावतात, तरी माहितीपत्रक पाहूनच निर्णय करावा.

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें पुतण्या व आम्ही भुसावळास गेलों. सूनबाईनें एका कागदावर लिहून दिलें होतें: डी.डी.आर.-३, ४ जी.बी., १६००, शेवटीं ‘यू’, दाब १.५ अगर १.३५ व्होल्ट. यंत्रांत ४ जी.बी.ची एक पट्टी होतीच. तिची जोड मिळाली म्हणजे ८ होऊन काम भागणार होतें. पहिल्या दुकानांत ती नव्हती आणि तेथील मुलानें डी.डी.आर.-४ दाखवून “हीच न्या” असा आग्रह धरला. पुतण्यानें कागद दाखवून नम्रपणें नकार दिला. तिसऱ्या दुकानांत हवी ती पट्टी मिळाली; न चालल्यास परत घेण्याचा करार पावतीवर लिहून घेतला.

घरीं येतांच सूनबाईनें यंत्र बंद केलें, विजेची दोरी काढली, अंगांतील स्थिरविद्युत् निघून जावी म्हणून पेटीच्या धातूस हात लावला, खोबणीचे अडसर उघडले, खांच जुळविली आणि दोन्ही टोंकांवर सारखा दाब देऊन ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत पट्टी बसविली. पडदा उजळला, स्मृति ८ जी.बी. दिसली. त्या रात्रीं दोन व्यापाऱ्यांचीं विवरणपत्रें गेलीं. उरलेलीं १९ तारखेच्या दुपारपर्यंत आटोपलीं.

लहान गांवांत राहणाऱ्यास चुकीची वस्तु म्हणजे केवळ पैशांची हानि नव्हे. एक दिवस, एक खेप आणि कधीं कधीं हातचें कामहि जातें. म्हणून ज्या घरीं संगणक असेल त्या घरच्या मंडळींनीं एक काम आजच करावें. फलकाचें नांव, रॅमची पिढी, खोबणी किती व रिकाम्या किती, आणि कमाल मर्यादा, या चार गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या आंतल्या अंगास चिकटवावी. चिठ्ठीस खर्च कांहींच नाहीं, आणि पुढें यंत्र उघडण्याची पाळी सुनेवर येवो कीं नातवावर, त्याला बाजारांत कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं.