परंतु

मराठी व्याकरणात 'परंतु' या शब्दाला फारसा मान नाही. उभयान्वयी अव्ययांच्या यादीत 'पण', 'परी', 'किंतु' यांच्या शेजारी तो अंग चोरून बसलेला असतो, आणि परीक्षेत त्याची किंमत अर्ध्या गुणापलीकडे जात नाही. गेली वीस वर्षे मीही तो विद्यार्थ्यांना याच हिशेबाने शिकवीत आलो. त्याची खरी किंमत मला गेल्या वर्षी कळली, आणि तीही डॉलरमध्ये.

झाले असे, की माझ्या धाकट्या बहिणीचे बाळंतपण न्यू जर्सीला व्हावयाचे होते. पहिलटकरीण. तेव्हा आई आणि अण्णा यांनी सहा महिने तिकडे जाऊन राहावे असे ठरले. व्हिसा मिळाला, ऑक्टोबरची तिकिटे निघाली, डिंक आणि अळीव यांची खरेदी झाली. एवढे सारे झाल्यावर सौ.ने सहज विचारले, "आणि तिकडे दोघांपैकी कुणी आजारी पडलं तर?"

अण्णांनी शांतपणे खिशातून आपले सीजीएचएसचे कार्ड काढून टेबलावर ठेवले. केंद्र सरकारची ही आरोग्य योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. टपालखात्यातील छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर मिळालेले तिचे ते कार्ड अण्णा पाकिटात देवाच्या तसबिरीमागे ठेवतात. देशात सीजीएचएस असलेल्या कोणत्याही शहरात ते चालते. आमच्याकडे त्या दवाखान्याला आता 'वेलनेस सेंटर' म्हणावयाचे असते. अण्णा मात्र अजून 'डिस्पेन्सरी'च म्हणतात.

"अण्णा, हे हिंदुस्थानाबाहेर चालत नाही," मी म्हणालो.

"का म्हणून? भारत सरकारचं आहे ना?" अण्णा म्हणाले. "आपलं टपाल तिकीट लावलेलं पाकीट न्यू जर्सीला पोचतं की नाही? तिथला पोस्टमन पुन्हा पैसे मागतो का? अठराशे चौऱ्याहत्तर साली बर्नला देशोदेशींच्या टपालखात्यांनी बसून करार केला. पत्राची एवढी सोय होते, मग माणसाची का होऊ नये?"

या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते; अजूनही नाही. पाकिटाला तिकीट लावले की ते जगभर फिरते आणि माणूस मात्र विमानतळ ओलांडताच बेवारशी होतो, ही गोष्ट मलाही अन्यायाचीच वाटते. अमेरिकेत पासष्टीपुढच्या लोकांसाठी १९६५ च्या कायद्याने मेडिकेअर आली, पण ती तिथल्या रहिवाशांसाठी. सहा महिन्यांच्या पाहुण्याला तिचा उपयोग नाही. शिवाय खुद्द अमेरिकन म्हाताऱ्याचीही मेडिकेअर काही अपवाद सोडले तर त्याच्या देशाबाहेर चालत नाही. हे ऐकल्यावर अण्णांना जरा बरे वाटले. "म्हणजे तेही आमच्यासारखेच!" ते म्हणाले.

माझा एक जुना विद्यार्थी विम्याचे काम करतो. वर्गात असताना त्याला समास कधी सुटला नाही. आता मात्र मोठमोठ्या इंग्रजी वाक्यांचा विग्रह तो चुटकीसरशी करतो. एका रविवारी तो तीन कंपन्यांची पत्रके घेऊन घरी आला. मी चश्मा पुसून ती वाचावयास बसलो आणि अण्णांना समजावे म्हणून एकेका कलमाचे मराठी करू लागलो. तेव्हा मला आमचे ते उपेक्षित अव्यय भेटले.

प्रवासात उद्भवलेल्या आजाराचा खर्च कंपनी देईल, परंतु आजार पूर्वीपासूनचा नसावा. पूर्वीपासूनचा असला तरी जिवावर बेतले असता मदत मिळेल, परंतु ठरलेल्या रकमेपर्यंतच. बिल कंपनी भरेल, परंतु सुरुवातीचे अमुक इतके डॉलर आपले आपण सोसावयाचे. त्याला 'डिडक्टिबल' म्हणतात. काही स्वस्त पॉलिसींत तर प्रत्येक तपासणीचा आणि प्रत्येक दिवसाच्या खाटेचा आकडा आधीच बांधून ठेवलेला असतो. रुग्णालयाचे बिल त्याच्या दसपट का येईना, वरचा भार आपला. पहिल्या पानावर लाखभर डॉलरचा आकडा मोठ्या टायपात असतो आणि हे सारे 'परंतु' पुढच्या पानांवर मुंग्यांसारखे चाललेले असतात.

"सर, पहिलं पान वाचून लोक सही करतात," विद्यार्थी म्हणाला. "मी त्यांना म्हणतो, पॉलिसी शेवटून वाचा. आणि इथून निघायच्या आधी घ्या. तिकडे पोचल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही."

"आणि अगदीच रस्त्यात पडलं तर?" आईने विचारले.

तिकडे १९८६ पासून असा कायदा आहे, की तातडीच्या विभागात आलेल्या माणसाला बहुतेक सर्व रुग्णालयांनी पैशाची गोष्ट न काढता तपासलेच पाहिजे आणि त्याची प्रकृती स्थिर केली पाहिजे. हे मी आईला सांगितले. "म्हणजे माणुसकी आहे," ती म्हणाली. विद्यार्थी हळूच म्हणाला, "माणुसकी आहे हो आजी, पण बिल मागाहून घरी येतं."

पुढे एक कलम आले, ते मी मनातल्या मनात वाचून पुढे जाणार होतो. आईने अडवले. परदेशात मृत्यू आल्यास देह मायदेशी आणण्याचा खर्च, असे ते होते. "ते देतात का?" तिने विचारले. "देतात," मी म्हणालो. "मग बरं. पोरीला तेवढा भुर्दंड नको." असे म्हणून ती अळीव निवडू लागली. अण्णांना मात्र मरणापेक्षा नोव्हेंबरची चिंता अधिक होती. त्या महिन्यात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो हे पटवून देण्यात आमची ती संध्याकाळ गेली.

अर्ज भरण्याचा प्रसंग रात्री आला. अण्णांचा अर्ज म्हणजे जणू सरकारी दप्तर होते. रक्तदाब अमुक सालापासून, गोळी अमुक, शस्त्रक्रिया नाही. नंतर आईचा अर्ज घेतला. वय एकोणसत्तर. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. छातीत दुखणे, धाप लागणे?

आई काहीच बोलली नाही. मी वर पाहिले. तिचे हात अळिवात थांबले होते.

"जिना चढताना जरा... इथे ओढल्यासारखं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावर थांबलं की जातं."

"केव्हापासून?"

"झालं असेल वर्ष."

आमच्या दादरच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. वर्षभर ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंशी दाराशी उभी राहून गप्पा मारीत असे. आम्ही तिच्या बोलघेवडेपणाची थट्टा करीत होतो.

"लिहू नकोस ते," ती म्हणाली. "लिहिलंस तर मला जाऊ देणार नाही तुम्ही. तिचं पहिलं आहे रे."

आता कबूल करावयाचेच तर सगळे करावे. मी त्या रकान्यात 'नाही' असे लिहिले. तिकिटे काढलेली होती, बहीण रोज फोनवर दिवस मोजीत होती आणि आईचे डोळे माझ्याकडे लागले होते. कॉलेजात कॉपी करणाऱ्या मुलांना मी निष्ठुरपणे वर्गाबाहेर काढतो. त्या रात्री माझी लेखणी जराही अडखळली नाही.

झोप मात्र आली नाही. अर्जाखाली सहीच्या वर एक प्रतिज्ञा छापलेली होती: वरील सर्व माहिती खरी आहे, परंतु ती खोटी आढळल्यास कंपनीवर कसलेही बंधन राहणार नाही. म्हणजे माझ्या त्या दोन अक्षरांनी सारी पॉलिसी पुसून टाकली होती. पण खरे सांगावयाचे तर पॉलिसीचे एवढे वाटले नाही. डोळ्यांपुढे येत होती ती दुसऱ्या मजल्यावर उभी असलेली आई. तिच्या छातीत काय चालले आहे हे मुलाला कळले ते विमा कंपनीने विचारले म्हणून!

सकाळी अर्ज फाडला आणि तिला घेऊन डिस्पेन्सरीत गेलो. तिथून चिठ्ठी मिळाली, मान्यताप्राप्त रुग्णालयात अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. दोन स्टेंट घालावे लागले. अण्णांच्या कार्डावर सारे काही झाले, रोख रक्कम भरावी लागली नाही. अण्णा बाकावर बसून ते कार्ड उलटसुलट करून पाहत होते. "चाललं ना?" एवढेच ते मला म्हणाले. आई अंगावर चादर ओढून भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तिकिटे रद्द केली, त्यात पैसे गेले. बहिणीची सासू लवकर निघून तिकडे पोचली. नातू झाला तो आम्ही फोनच्या काचेतून पाहिला. डिंकाचे लाडू आम्हीच खाल्ले; ते काही केल्या संपेनात.

आता तो वर्षाचा झाला आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिली, तेव्हा या दिवाळीनंतर दोघे निघत आहेत. सहा महिन्यांसाठी नव्हे, दोनच. पुन्हा तोच विद्यार्थी आला, पुन्हा पत्रके पसरली. या खेपेस हप्ता जास्त आहे आणि हृदयापुढचे 'परंतु'ही जास्त आहेत. जिवावरचा प्रसंग आला तर ठरीव रकमेपर्यंत, बाकी नेहमीची तपासणी आणि औषधे स्वतःच्या खर्चाने. म्हणून दोन महिन्यांच्या गोळ्या इथूनच घेतल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि औषधांच्या मूळ नावांसह. आपले पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटॅमिनोफेन या नावाने मिळते, तेही सौ.ने वहीत लिहून दिले आहे.

अर्ज भरताना आई समोर बसली होती. मी रकाना वाचण्याआधीच ती म्हणाली, "हो लिही. दोन स्टेंट, तारखेसकट." मग फोन उचलून तिने बहिणीला विचारले, की तुमची निजायची खोली वरच्या मजल्यावर आहे ना, तर जिन्याला पायऱ्या किती? तिकडून बहिणीने मुलाला कडेवर घेऊन मोठमोठ्याने मोजून दाखविल्या. चौदा निघाल्या. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "सातव्या पायरीवर एक स्टूल ठेवायला जागा आहे का बघ."