कानांची साक्ष

ध्वनियंत्रांच्या शौकिनांनी केलेले स्वरवर्णन बहुधा प्रामाणिक असते, परंतु तेवढ्याने ते पुरावा ठरत नाही. कारण दोन यंत्रांच्या पातळीत एका डेसिबलहूनही कमी फरक असला, तरी किंचित मोठे वाजणारे यंत्र अधिक सुस्पष्ट भासू शकते. म्हणूनच पातळ्या काटेकोर जुळवून, कोणते यंत्र वाजत आहे हे श्रोत्यापासून लपवून घेतलेली चाचणी, म्हणजेच अंध चाचणी, अपरिहार्य ठरते. मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अशा चाचण्यांत उच्च क्षमतेचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या १६ बिट मर्यादेतून नेलेले रूप यांतील भेद ओळखण्याच्या ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, जे निव्वळ योगायोगानेही घडावे. भेद उमगला तो आवाज असाधारण वाढवल्यावर, संगीतातून नव्हे, तर शांत जागी उमटणाऱ्या खरखरीतून.