चढाचा गिअर

आमचे चिरंजीव मिशिगनास असतात. पंधराव्या वर्षी शिक्षणासाठी भोकरदन सोडल्यापासून त्यांनी आम्हांस कशाविषयी सल्ला विचारल्याचे स्मरत नाही. गेल्या महिन्यात मात्र त्यांचे लांबलचक पत्र आले आणि त्यात चक्क एक प्रश्न होता.

त्यांनी १९६९ सालची शेव्हरोले शेव्हेल विकत घेतली आहे. इंजिन ३९६ घनइंचांचे. पण मूळची गिअरपेटी नाहीशी झालेली. इंडियाना राज्यातील मन्सी गावी त्या काळी तयार होणारी चार गिअरांची पेटी त्यांस बसवावयाची आहे. ती दोन तऱ्हांची मिळते. एकीत पहिल्या गिअरचे प्रमाण २.५२, दुसरीत २.२०. मित्रमंडळी दुसरीचा आग्रह धरतात. शर्यतीची पेटी म्हणे तीच. ‘बाबा, कोणती घेऊ?’

जन्मभर इंग्रजी कविता शिकविणाऱ्या माणसास हा प्रश्न! पण गुणाकार तेवढा आम्हांस येतो. इंजिनाचे फेरे चाकापर्यंत पोचताना दोनदा उतरतात. एकदा पेटीत, एकदा मागच्या डिफरन्शिअलमध्ये. दोन्ही आकड्यांच्या गुणाकारावर गाडीची सुटतानाची ओढ ठरते. २.२० च्या जोडीस ३.७३ चा डिफरन्शिअल घेतला तर ८.२१ होतात, २.५२ च्या जोडीस ३.३१ चा घेतला तर ८.३४. म्हणजे उभी गाडी हलविण्याचा जोर जवळजवळ सारखाच. चौथ्या गिअरचे प्रमाण मात्र दोन्ही पेट्यांत १ आहे. म्हणून लांबच्या सडकेवर दुसऱ्या जोडीत इंजिनास सुमारे अकरा टक्के फेरे कमी पडतात. मग शर्यतवाले २.२० ची पेटी का घेतात? तिच्या पायऱ्या जवळजवळ आहेत. ५००० फेऱ्यांवर तिसऱ्याचा चौथा गिअर टाकला तर इंजिन ३९०० वर उतरते. दुसऱ्या पेटीत ३४०० वर. शर्यतीत इंजिनाचा दम तुटून चालत नाही.

आमच्याकडे शंकरपटाचे बैल वेगळे आणि औताचे वेगळे. पटाची जोडी नांगरास जुंपणाऱ्यास गाव हसते.

आमच्या काकांच्या महिंद्र जीपला तीन गिअर, आणि शेजारी आणखी दोन लहान दांडे. पावसाळ्यात केळणेकाठच्या काळ्या मातीत चाके रुतली की काका ते दांडे ओढीत. चारही चाकांस जोर मिळे, प्रमाण आणखी उतरे, आणि जीप गोगलगायीच्या चालीने का होईना, बाहेर निघे. अजिंठ्याच्या घाटात आम्ही वरच्या गिअरची घाई केली की ते म्हणत, ‘तिला आधी चालू दे रे, मग पळव.’

हे उत्तरात लिहिताना आमची लेखणी थांबली. ह्या मुलास आम्ही चौथीत शिष्यवृत्तीस बसविले, दहावीनंतर शहरात वसतिगृहात ठेवले. दर रविवारी फोनवर तो गप्प असे, आणि आम्ही गुण विचारीत असू. एकदा ‘घरी येऊ का?’ असे त्याने विचारले होते. परीक्षा झाल्यावर ये, असे आम्ही सांगितले. चढ लागलेला होता, आणि आम्ही वरचा गिअर टाकला होता.

पत्रात आम्ही एवढेच लिहिले: शर्यतीत उतरणार नसलास तर २.५२ आणि ३.३१. खाली त्या रविवारचा उल्लेख केला, आणि आमचे चुकले असेही लिहिले.

उत्तर चार ओळींचे आले. पेटी आमच्या म्हणण्याप्रमाणे ठरली. रविवारविषयी काही नाही. शेवटी मात्र विचारले आहे, ‘काकाआजोबांची जीप अजून चालते का? पोळ्याच्या सुमारास येतो. ते लहान दांडे एकदा ओढून पाहायचे आहेत.’

जीप चार वर्षे बंद आहे. काल आम्ही तिची बॅटरी चार्ज करण्यास दिली.