माशी कुठली?

उर्दू हायस्कूलमध्ये मी सायन्स शिकवते. बी.एड.ला आम्हांला सांगितलं होतं की ज्याला निरीक्षण शिकवता आलं त्याला विज्ञान शिकवता आलं. परीक्षेत मी त्यावर छान उत्तरही लिहिलं होतं. पण निरीक्षण म्हणजे काय हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते एका मटणवाल्यामुळे, आणि तेही त्याच्याविरुद्धच्या अर्जावर सही करून बसल्यावर.

२०१९चा पावसाळा. शाळेत माश्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. डबा उघडला की माश्या, पेंगणाऱ्या पोराच्या ओठांवर माश्या. काही मुलांना जुलाब लागले. शाळेसमोर, रस्त्याच्या पलीकडे मटणाचं दुकान आहे. माश्या तिथूनच येतात असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. दुकान हलवावं म्हणून मोहल्ल्यातल्या लोकांनी अर्ज केला. स्टाफरूममध्ये तो फिरत आला तेव्हा मीही सही केली. दुकानदाराचा मुलगा माझ्याच आठवीत होता. मुलं त्याला 'मख्खी' म्हणू लागली. त्याच्या बाकावर कुणी बसेना. मग तो शाळेत यायचाच बंद झाला.

त्याच आठवड्यात मी कीटकांचा धडा घेतला. पुठ्ठ्यांना गूळ आणि एरंडेल तेल फासून मुलांना दिलं. एक पुठ्ठा वर्गाच्या खिडकीत, एक संडासाजवळ आणि एक मटणाच्या दुकानाशेजारी राहणाऱ्या मुलीच्या ओट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी मुहद्दब अदसा, म्हणजे आपलं बहिर्गोल भिंग, हातोहात फिरू लागलं.

पहिला प्रश्न आला, "टीचर, शहद की मख्खी भी मख्खी है क्या?" प्रश्न रास्त होता. उर्दूत ती मख्खी, मराठीत मधमाशी, आणि कुरआनातल्या सूरह नहलला तर तिचंच नाव आहे. मी पंख मोजायला सांगितले. मधमाशीला चार पंख असतात, खऱ्या माशीला दोनच. मागच्या जोडीच्या जागी तिला इवल्या गाठींसारखे दोन अवयव असतात. उडताना तोल सांभाळायचं काम ते करतात.

मग एकेक माशी ओळखायला बसलो. संडासाजवळच्या पुठ्ठ्यावर केसाळ, बदामाच्या आकाराच्या पंखांची बारीक माशी होती. तिच्या अळ्या मोरीच्या गाळात वाढतात. एका मुलीच्या डब्यातल्या पिकलेल्या केळ्यावर लाल डोळ्यांची चिलटं होती. याच चिलटांवर आनुवंशिकतेचं काम करून मॉर्गन या शास्त्रज्ञाने १९३३चं नोबेल मिळवलं, हे ऐकून वर्ग हसला. दुकानाजवळच्या पुठ्ठ्यावर मोठ्या, बांगडीच्या काचेसारख्या चकाकणाऱ्या हिरव्या-निळ्या माश्या होत्या. मांस, मासळी, मेलेलं जनावर यांच्या वासावर त्या येतात आणि तिथेच अंडी घालतात. त्यांच्यात एक करडी, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेली मांसमाशीही होती. ती अंडी न घालता थेट अळ्याच टाकते.

वर्गाच्या खिडकीतल्या पुठ्ठ्यावर मात्र जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या निघाल्या. लहान, करड्या, पाठीवर चार काळे पट्टे. ही घरमाशी. तिला चावता येत नाही. तोंड स्पंजासारखं असतं. घट्ट अन्नावर आधी लाळ सोडायची, ते विरघळवायचं आणि मग शोषायचं, ही तिची रीत. उकिरड्यावरून उठून ती डब्यावर बसते आणि पायांबरोबर रोगही आणते. कुजणारं अन्न आणि शेण ही तिची अंडी घालायची जागा. पावसाळ्याच्या उबेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

मी विचारलं, "मग ह्या कुठल्या?"

एक मुलगी काही न बोलता उठली आणि आम्हांला शाळेच्या मागच्या भिंतीकडे घेऊन गेली. उरलेली खिचडी तिथल्या खड्ड्यात टाकत असत. काडीने वरचा थर बाजूला केला तर खाली पांढऱ्या अळ्यांचा बुजबुजाट. कडेच्या कोरड्या मातीत तांदळाएवढे तपकिरी कोष पडले होते.

"टीचर, ये तो अपनी खिचडी है."

संध्याकाळी मी दुकानावर गेले. तो लाकडी ठोकळा धूत होता. माफी कशी मागावी ते सुचेना. तोच म्हणाला, "टीचर, अपनी मख्खी हरी रहती. तुमारे इस्कूल में भूरी है. मैं बोल्या था वहां आके. कोई सुन्याच नइं." मग ठोकळ्यावर पाणी ओतत म्हणाला, "अर्जी पे तुमारी भी सही है, मालूम है मेरे कू."

जे मी भिंगातून पाहिलं, ते हा माणूस नुसत्या डोळ्यांनी कधीचं पाहत होता. बाहेरचे लोक आपल्या सगळ्यांना एकाच मापाने मोजतात म्हणून आपण किती कळवळतो! आणि इथे आमच्याच मोहल्ल्यात, आमच्याच माणसाला आम्ही न विचारता, न बघता दोषी ठरवलं. त्यात विज्ञानाची शिक्षिका मीही होते.

दुसऱ्या दिवशी मी सही मागे घेतल्याचं लिहून दिलं. खड्डा मातीने बुजवला, उरलेल्या अन्नासाठी झाकणाची बादली आली. हिरवी माशीही काही पाक नसते, घाण तीही वाहते. म्हणून त्याने आपणहून दुकानाला जाळी लावली. मुलगा परत वर्गात आला. पहिल्या बाकावर बसून त्याने पुठ्ठ्यावरच्या सगळ्या माश्या न चुकता ओळखल्या.

दोन-तीन आठवड्यांत शाळेतल्या माश्या कमी झाल्या. तो मुलगा दहावी पास होऊन गेला. पण रस्त्यात अजूनही कुणी 'ए मख्खी' म्हणून हाक मारतं आणि तो वळून बघतो. तेवढं मात्र मला पुसता आलेलं नाही.