पहिली पाच मिनिटे



आंबिया बहाराची संत्री आटोपून शेडमध्ये जरा उसंत मिळाली, तेव्हा पुतण्याने माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला. "काका, आपल्या माणसांना प्रशिक्षण द्यायचे आहे. एका दुपारी फक्त सीपीआर शिकवून मोकळे व्हावे, की प्रथमोपचाराचा पूर्ण अभ्यासक्रम करवून घ्यावा? वेळेत आणि खर्चात पुष्कळ फरक आहे." शेंदूरजनाघाटात त्याची संत्र्यांच्या प्रतवारीची शेड आहे, लागूनच कृषी केंद्र आहे. आयुष्यभर बँकेत कर्जप्रस्ताव तपासल्यामुळे असे हिशेब घरात माझ्याकडेच येतात.

माझे पहिले उत्तर तयार होते : फक्त सीपीआर. त्यामागे एक जुनी बोच आहे. नोकरीत असताना, पेन्शन घ्यावयास आलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या शाखेत रांगेतच कोसळले. कोणी पाणी आणले, कोणी कांदा हुंगवला, कोणी वारा घातला. मी त्यांच्या घरचा फोन लावत उभा राहिलो. डॉक्टर आले तेव्हा सारे संपले होते. हृदय थांबल्यावर मेंदूला इजा होण्यास चार-पाच मिनिटे पुरतात, हे मला फार उशिरा कळले. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर कोणाला तरी १०८ वर फोन करावयास सांगावे आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाब देत राहावे, एवढे आमच्यापैकी एकालाही येत नव्हते. येत असते तर ते गृहस्थ वाचलेच असते, असे नाही. पण आम्ही नुसते पाहत राहिलो नसतो.

तरीही जोखीम दोन अंगांनी तपासावी लागते : नुकसान किती मोठे आणि ते किती वेळा होते. म्हणून पुतण्याला म्हटले, "गेल्या तीन हंगामांत शेडमध्ये, बागेत आणि दुकानात जे जे झाले, ते आठवून लिही." यादी झाली ती अशी : चाकूने कापलेले तळहात, क्रेटखाली चेंगरलेली बोटे, ट्रकवरून पडलेला हमाल, उन्हाने आलेली भोवळ, बागेत झालेला एक सर्पदंश आणि फुटलेल्या बाटलीतले कीटकनाशक अंगावर सांडलेला एक मुलगा. हृदय थांबल्याची नोंद एकही नव्हती.

त्या प्रत्येक वेळी आपल्या माणसांनी धावपळ केली, पण चुकीची. जखमेत हळद भरली. वास्तविक स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरावयास हवे होते. सर्पदंशावर दोरी आवळली. वास्तविक दोरी न बांधता, चिरा न देता, तो अवयव हलू न देता रुग्णालय गाठावयाचे असते. त्या मुलाला तर ओल्या कपड्यांनिशीच मोटारसायकलवर बसवले. कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे, बाटलीचे लेबल डॉक्टरांसाठी सोबत न्यावे, हे कोणालाच सुचले नाही. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. जे औषध आपण विकतो, त्याचा पहिला उपाय आपल्याच दुकानात कोणाला येऊ नये, हे मनाला पटले नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्यासाठी प्रमाणपत्रधारक, कामाच्या वेळात हजर असणारी व्यक्ती सांगितली होती. आपल्या लहान शेडला तो नियम लागू होवो न होवो, त्यातले 'हजर असणारी' हे शब्द महत्त्वाचे वाटले. कारण पुतण्याचा विचार असा होता की, पूर्ण अभ्यासक्रम त्याने आणि धाकट्या भावाने करावा. मी विचारले, "हंगामात तू दिल्लीच्या बाजारात, तो बागांच्या सौद्यांवर. मग शेडमध्ये दिवसभर कोण असते?"

तो गप्प झाला. शेडमध्ये दिवसभर असतात त्या प्रतवारी करणाऱ्या बाया, हमाल आणि गादीवर बसलेले माझे थोरले बंधू, म्हणजे त्याचे बाबूजी. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. ईश्वर न करो, पण उद्या ते गादीवरच कलंडले, तर त्यांच्या छातीवर पहिला हात पडेल तो आपल्या मुलांचा नव्हे, रोजंदारीवरच्या एखाद्या बाईचा. म्हणून तीन हंगामांच्या यादीत नसली, तरी ती ओळ हिशेबातून वगळता येत नाही.

अखेर ठरले ते असे. सीपीआर सर्वांनी शिकावयाचे, मालक-मजूर एकत्र, आणि दर हंगामाआधी त्याची उजळणी करावयाची. कारण सराव नसला की हात विसरतात. पूर्ण प्रथमोपचार तिघांनी शिकावयाचा : बायांची मुकादम, एक हमाल आणि कृषी केंद्रातला मुलगा. त्या दिवसांची मजुरी दुकानाने द्यावयाची. पुतण्याने हा खर्च कोणत्या खात्यावर लिहावा, असे विचारले.

आपल्या धर्माने आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. पर्युषणात आपण बोली बोलतो, औषधालयांना देणग्या देतो. ते योग्यच आहे. परंतु जो मजूर आपल्याकडे आठ-दहा तास राबतो, त्याला येथे काही झाले तर जवळचा माणूस गोंधळून उभा राहणार नाही, एवढा भरवसा देणे हेही अभयदानच नव्हे काय? मी पुतण्याला सांगितले, "लिही दुकानखर्चातच. धर्मादाय खात्यावर टाकू नकोस. हे आपले देणे आहे."