तेल आधी कमी झालं होतं

जॉब कार्डावरची ती ओळ मला अजून तोंडपाठ आहे: ‘ग्राहकाने दुसरे ऑइल मिसळल्यामुळे इंजिन ऑइल खाते. वॉरंटी लागू नाही.’

गाडी पेट्रोलची, लहान, वॉरंटीतली. इंजिनात कंपनीने सांगितलेलं 5डब्ल्यू-30 सिंथेटिक. पुण्याहून कोल्हापूरला जाताना कराडच्या अलीकडे पंपावर डिपस्टिक ओढून पाहिली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. पंपावर 20डब्ल्यू-40 मिनरलचा डबा तेवढा होता. अर्धा लिटर ओतलं. पंपावरचा पोरगा म्हणाला, “साहेब, सिंथेटिकमधी हे नका टाकू, दही हुतंय इंजनात.” मी हसलो आणि गाडी काढली.

हसलो खरा, पण परतल्यावर तेल बदलून घ्यायचं ठरवलंच. सर्व्हिस सेंटरला गेलो आणि काय ओतलं, किती ओतलं, का ओतलं, सगळं आपणहून सांगितलं. मी सांगितलं नसतं तर त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. अ‍ॅडव्हायझरने कपाळाला आठ्या घातल्या. “सर, दोन ऑइल मिक्स झाली की जेल बनतं. फ्लशिंग करावंच लागेल.” म्हणजे पंपावरचंच दही, फक्त एसीत बसून.

फ्लशिंगचं मी सोसलं असतं. पण तेल कमी होतंय ही तक्रार मी आधीच्या सर्व्हिसलाच केली होती. तेव्हा “नवीन इंजिन आहे सर, थोडं खातंच,” म्हणून त्यांनी ती लिहूनही घेतली नव्हती. तेल कमी झालं म्हणून मी ओतलं. कार्डावर आलं की मी ओतलं म्हणून तेल कमी होतं. मी काउंटरवर विचारलं, “मग ओतायच्या आधी ते कुठे गेलं?” त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, “सर, सिस्टिममध्ये तुमची आधीची कम्प्लेंट दिसत नाही.” मी पुन्हा तेच विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. बाजूला चहा पीत बसलेला एक गृहस्थ मला म्हणाला, “अहो, सोडा ना.” सर्वांत जास्त राग मला त्याचा आला.

घरी येऊन वाचत बसलो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकांत बसायचं तर इंजिन ऑइलला मिसळण्याचीच परीक्षा द्यावी लागते: प्रमाणित तेलांत मिसळून, तापवून, गार करून थर वेगळे होतात का ते पाहतात. बाजारातलं सेमी-सिंथेटिक तर कारखान्यातच मिसळलेलं असतं. शिवाय बऱ्याच ‘सिंथेटिक’ डब्यांतला मूळ माल जमिनीतून काढलेल्या खनिज तेलावर जास्त प्रक्रिया केलेला असतो. त्याला सिंथेटिक म्हणावं का, यावर अमेरिकेत दोन कंपन्या भांडल्या आणि 1999 साली जाहिरात उद्योगाच्या स्वयंनियमन मंचाने म्हणायला मोकळीक दिली. 5डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे 30 अंशांवर होते, 20डब्ल्यूची उणे 15 वर. कराडात या दोन्हींचं कौतुक कुणाला? फरक पडतो तो गरम इंजिनात. तेल किंचित घट्ट होतं, महागड्या तेलाचे गुण थोडे पातळ होतात, आणि पुढचा ऑइल चेंज लवकर केलेला बरा. एवढंच. इंजिनात खरोखर चिखल होतो तो तेल वेळेवर न बदलल्याने, आणि दुधाळ लगदा दिसला तर कूलंट आत झिरपतंय का ते पाहावं. दुचाकीवाल्यांनी मात्र जपावं. गिअरच्या बहुतेक दुचाकींत क्लच त्याच तेलात भिजलेला असतो. जासो एमए मानकाचं नसलेलं, कारसाठीचं निसरडं तेल घातलं तर तो घसरू शकतो. तेल कमी असताना ‘आपलंच’ तेल मिळेपर्यंत गाडी तशीच दामटणं हा सगळ्यात महागाचा शहाणपणा.

फ्लशिंग होऊन शुद्ध सिंथेटिक भरलं, तरी डिपस्टिक पुन्हा कोरडी पडू लागली. कंपनीच्या विभागीय कार्यालयाला सविस्तर ईमेल केली. मग त्यांनी तेल मोजून भरलं, झाकण आणि डिपस्टिक सील केली आणि 1000 किलोमीटर चालवून आणायला सांगितलं. परत मोजलं, तर तेल कमी निघालं. पिस्टनच्या रिंगाच सदोष निघाल्या.

त्या अ‍ॅडव्हायझरविषयी आता फार राग नाही. वॉरंटी नाकारणं त्याच्या हातात नसावं, आणि फ्लशिंग विकायचं टार्गेट असणारच. यापुढे सर्व्हिस सेंटरला काही सांगायचं नाही, असं एकदा ठरवलं होतं. तेही पटत नाही. सांगा, सगळं सांगा, पण आपली तक्रार कार्डावर आपल्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि त्या कार्डाचा फोटो काढून ठेवा.

रिंगा वॉरंटीत बदलून मिळाल्या. फ्लशिंगचे पैसे मिळाले नाहीत.