वऱ्हाडचें ताट आणि उंबऱ्यावरचा पाहुणा

अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून अमरावतीस जाणारी वाट भाद्रपदांत पाहावी. पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी जमीन ह्या दिवसांत मुळींच दिसत नाहीं. दृष्टि पोंचेल तेथपर्यंत हिरवें रान पसरलेलें असतें. पन्नास वर्षांपूर्वीं ह्या रानांत कपाशी आणि ज्वारी ह्या दोघींचें राज्य होतें. आज कपाशी आहे, तुरीचीं तासें आहेत. परंतु ज्वारी शोधावी लागते. तिच्या जागीं गुडघाभर उंचीचें, लवदार शेंगांचें सोयाबीन उभें आहे. १९८० नंतर तें वऱ्हाडांत पसरत गेलें, आणि कडब्याच्या गंज्यांबरोबर घरांतील भाकरीहि मागें हटली.

गतवर्षीं ह्याच वाटेनें घरीं परततांना आमची मंडळी मूर्तिजापूरच्या पुढें चहाकरितां थांबली. शेजारच्या शेतांत एक वृद्ध बाई निंदण करीत होत्या. आमच्या वहिनींनीं त्यांना विचारलें, “मावशी, ह्या शेंगांचें तुम्ही घरीं काय करतां?” बाई हंसून म्हणाल्या, “हे विकाचं पीक आहे बाई, खाचं नाही.”

ह्या उत्तरानें आम्हांस विचारांत पाडलें. कारण परक्या धान्यास घरांत घेण्यांत वऱ्हाडची गृहिणी कधींच मागें नव्हती. आपलें रोजचें ताटच पाहा. ज्या ज्वारीस आपण ह्या मातीची लेंक समजतों, तिचें माहेर आफ्रिकेंत आहे. सुमारें पांच हजार वर्षांपूर्वीं पूर्व सुदानांत ती पेरली जात असल्याच्या खुणा सांपडल्या आहेत. ज्याच्या पिठावांचून झुणका, पाटवडी आणि गोळाभात होत नाहींत, तो हरभरा पश्चिम आशियांतला. रश्शास तवंग आणणारी मिरची तर अमेरिका खंडांतली. १४९८ सालीं वास्को-द-गामा कालिकतास उतरला, त्यापूर्वीं ह्या देशांत कोणींहि मिरची चाखली नव्हती. शेंगदाणाहि तिकडचाच. ज्या तुरीचे कोंवळे सोले हिवाळ्यांत आपण भातांत घालतों, ती मात्र खरोखर येथली. बाकीच्यांना आपल्या आज्या-पणज्यांनीं फोडणी दिली, सणावारीं जागा दिली, आणि तीं आपलीं झालीं.

सोयाबीन मात्र उंबऱ्याबाहेर राहिलें. तें मूळचें चीनचें. शंभर भागांत सुमारें चाळीस भाग प्रथिनें आणि वीस भाग तेल असें हें गुणी कडधान्य. परंतु त्यास एक हिरवट, उग्र वास येतो, तें कच्चें पचत नाहीं आणि त्याचें वरण कांहीं जमत नाहीं. म्हणून शेतांतून तें तडक बाजार समितींत, तेथून तेलाच्या गिरणींत जातें. तेल आपल्या कढईंत आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यांत. कणकेंत मूठभर दाणे दळणें, अथवा बाजारांतील तयार वड्या आणणें, एवढ्यावर घराची ओळख संपते.

ही गोष्ट केवळ चवीची नाहीं. ज्वारीचा भाव पडला, तरी शेतकऱ्याच्या घरीं भाकरी होई आणि बैलांपुढें कडबा पडे. सोयाबीनचा भाव पडला, तर घरांत पोतीं रचलेलीं असूनहि त्यांतला दाणा चुलीवर चढत नाहीं. जें पीक आपल्यास खातां येत नाहीं, त्याचें मोल ठरविणें सर्वस्वीं दुसऱ्याच्या हातीं असतें.

अकोल्याच्या कृषि विद्यापीठास ज्यांचें नांव आहे, ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यांतील पापळचे. १९५९-६० सालीं दिल्लींत जागतिक कृषिप्रदर्शन भरलें, तें त्यांच्या पुढाकारानें. एका वऱ्हाडी माणसानें जगाची शेती दिल्लीच्या अंगणांत आणली. मग जगाचा स्वयंपाक आपल्या घरांत आणण्यास आपण कां कचरावें? असा विचार करून आमच्या घरीं एक नेम ठरला. परदेशी डबे आणि बाटल्या आणावयाच्या नाहींत. वऱ्हाडांत पिकतें तेंच धान्य घ्यावयाचें, आणि तें ज्या देशाहून आलें तेथील लोक त्याचें काय करतात, तें करून पाहावयाचें. मुलांनीं नकाशा व माहिती काढावी, पुरुषांनीं वाटावें-गाळावें, स्त्रियांनीं चूल सांभाळावी आणि निवाडा आजींनीं द्यावा.

पहिला रविवार सुदानचा. तेथें ज्वारीचें पीठ भिजवून आंबवितात व तापल्या पत्र्यावर ताडाच्या पानाच्या तुकड्यानें पातळ पसरून त्याचे पापुद्रे काढतात. त्यांस ‘किसरा’ म्हणतात. सोबत वाळलेल्या भेंडीची पूड घालून दाट केलेलें कालवण असतें. आम्हीं पातळ कालविलेलें पीठ दोन रात्री आंबविलें आणि तव्यावर घातलें. आजींनीं एक तुकडा तोंडांत टाकून सांगितलें, “ही तर आपल्या आंबिलीची नि धिरड्याची लेंक.” ज्या नातवंडांस भाकरी नको असते, त्यांनीं ज्वारीचें हें रूप दोनदां मागून घेतलें.

दुसरा रविवार चीनचा. पावकिलो सोयाबीन रात्रभर भिजवून, सालें चोळून काढून, दोन लिटर पाण्यासह वाटलें व फडक्यांतून गाळलें. तें दूध पंधरा मिनिटें ढवळत चांगलें उकळलें. ह्यानेंच त्याचा दोष जातो. मग थोडें थोडें लिंबू पिळून तें फाडलें आणि फडक्यांत बांधून वर पाटा ठेविला. चीनमध्यें लिंबाऐवजीं जिप्सम वापरतात. तासाभरानें पनिरासारखी पांढरी वडी तयार झाली, तीच ‘टोफू’. मागें उरलेला चोथा थालीपिठांत खपला. वडी नुसती खातां बेचव लागली, परंतु खोबरें-खसखशीच्या झणझणीत वऱ्हाडी रश्शांत सोडल्यावर पातेलें रिकामें झालें. आजींचा निवाडा असा: “अंगची चव नाहीं, पण मसाला चांगला धरतें. नव्या माणसानें एवढें केलें तरी पुष्कळ.”

एका घराच्या चुलीनें बाजारभाव हलत नाहींत, हें आम्ही जाणतों. परंतु मिरचीहि एका दिवसांत वऱ्हाडी झाली नसेल. कोणा एका घरीं प्रथम ती कढींत पडली असेल, शेजारणीनें वाटींतून चाखली असेल, आणि मग गांवानें.

ज्यांना एवढी खटपट नको, त्यांनीं जपानी लोकांची सोपी रीत करून पाहावी. ओळखीच्या शेतकऱ्यास सांगून फवारणी न केलेलें एखादें तास राखून ठेववावें व त्याचें योग्य मोल द्यावें. दाणे भरलेले, पण पिवळ्या न पडलेल्या शेंगा तोडून स्वच्छ धुवाव्या आणि मिठाच्या पाण्यांत दहा मिनिटें उकळाव्या. नंतर तुरीच्या उकडलेल्या शेंगा खातों तशाच, सर्वांनीं एका परातीभोंवतीं बसून सोलाव्या. दाणे खावे आणि सालें गाईपुढें टाकावीं.